एकेकट्या मृत्यूंचीही चौकशी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे नाशिक-औरंगाबाद रस्त्यावरील मिरची चौकात खासगी बस आणि मालवाहू वाहन यांची धडक होऊन बसने पेट घेतला आणि 12 प्रवाशांचा बळी गेला, तेव्हा मुख्यमंत्र्यांसह सारी यंत्रणा त्या चौकात धावून आली होती. पाठोपाठ अतिक्रमणे निघाली, गतिरोधक आले आणि शहरातील अपघातप्रवण ठिकाणांचे सर्वेक्षण करण्याच्या घोषणाही झाल्या. हे झाले ते योग्यच झाले. परंतु रस्त्यावर मरणारी बहुतेक माणसे अशी डझनाने मरत नाहीत. सायंकाळी कंपनीतून परतणारा दुचाकीस्वार किंवा महामार्ग ओलांडणारी एखादी वृद्धा असा एकेक जीव जातो, आतील पानावर चार ओळींची बातमी येते, वाहनचालकावर गुन्हा दाखल होतो आणि रस्ता मात्र जसा होता तसाच राहतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,68,491 जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला. त्यांपैकी 15 हजारांहून अधिक महाराष्ट्रातील होते. देशभरातील मृतांमध्ये सुमारे 44 टक्के दुचाकीस्वार आणि जवळपास 20 टक्के पादचारी होते. म्हणजे दर तीन मृतांपैकी जवळजवळ दोघांच्या भोवती पत्र्याचेही कवच नव्हते. आपले रस्ते मात्र अजूनही चारचाकीच्या काचेतून पाहूनच आखले जातात. द्वारका चौकातील भुयारी मार्ग हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मोठा खर्च करून बांधलेला हा मार्ग वर्षानुवर्षे विनावापर पडून राहिला आणि लोक वरूनच, वाहनांच्या गर्दीतून वाट काढत राहिले. त्यांना बेशिस्त म्हणणे सोपे आहे, पण अंधाऱ्या भुयारात उतरून पुन्हा जिने चढायला भाजीची पिशवी घेतलेली बाई का तयार होईल, याचा विचार आराखडा करणाऱ्याने आधी करायला हवा होता.

दुचाकीस्वारांच्या बाबतीत दोष एकट्या यंत्रणेचा नाही, हेही मान्य केले पाहिजे. 15 ऑगस्ट 2021 पासून नाशिकमध्ये ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू झाली, तेव्हा पेट्रोल पंपाबाहेर एकमेकांचे हेल्मेट उसने घेऊन आपण नाशिककरांनी तिची काय गत केली, ते सर्वांना ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 नुसार मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे; पण घरातील कर्त्या पुरुषाच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागे पत्नी व मूल उघड्या डोक्याने, हे दृश्य गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत कुठेही दिसते.

तरीही माझी मुख्य मागणी रस्त्याविषयीच आहे. सरकारी व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा बळी गेले, तरच ते ठिकाण ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. म्हणजे उपाययोजनेसाठी आधी बळींचा कोटा पूर्ण व्हावा लागतो! वास्तविक पोलिसांकडे ‘आयरॅड’ प्रणाली आहे आणि अपघाताचे नेमके स्थान तिच्यात नोंदवले जाते. ही माहिती हाती असताना प्रत्येक प्राणांतिक अपघातानंतर ठरावीक मुदतीत वाहतूक पोलीस, प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि रस्त्याची मालकी असलेली संस्था यांनी एकत्र जाऊन जागेची पाहणी करावी आणि कारण काय आढळले, कोण काय दुरुस्त करणार आणि केव्हापर्यंत, हे जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने जाहीर करावे. मालकीचा मुद्दा मुद्दाम मांडतो, कारण शहरातील रस्ते महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांच्यात विभागलेले आहेत आणि साधा झेब्रा क्रॉसिंगचा पट्टा कोणी मारायचा, याचे उत्तर मिळवताना अर्जदार थकून जातो. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीअभावी मृत्यू झाल्यास संबंधित प्राधिकरण वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने कलम 198 अ मध्ये केली आहे. पाहणीचे अहवाल जाहीर होऊ लागले, तर ती कागदावरून खाली उतरेल.

2027 च्या सिंहस्थासाठी शहरात आणि त्र्यंबक रस्त्यावर रुंदीकरणाची मोठी कामे काढण्यात आली आहेत. रुंद रस्त्यावर वेग वाढतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तरी प्राणांतिक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. म्हणून डांबरीकरण झालेला कोणताही नवा रस्ता पट्टे, पदपथ, रिफ्लेक्टर आणि पादचाऱ्यांसाठी ओलांडण्याची सोय पूर्ण झाल्याशिवाय वाहतुकीस खुला करू नये आणि ही अट ठेकेदाराच्या देयकाशी जोडावी, अशी विनंती जिल्हाधिकारी व महापालिका आयुक्त यांना आपल्या दैनिकाद्वारे करीत आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक