तारीख

फोर्ट, १४ ऑक्टोबर २०२५

चि. मनू,

काल रात्री माझा आवाज चढला. चढायला नको होता. आता जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. वकील साहेब हायकोर्टात गेलेत, दोन प्रतिज्ञापत्रं टाइप व्हायची आहेत, ती थांबतील.

मैत्रिणींबरोबर नागालँडला जायचा तुझा हिशेब मला पाठ झालाय. १ डिसेंबरला दिमापूर, मग कोहिमा, तिथला हॉर्नबिल महोत्सव, ६ ला रात्री कोलकात्यावरून मुंबई आणि ७ ला दुपारी २ वाजता क्लॅट, राष्ट्रीय लॉ विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा. कागदावर सगळं बसतं. पण मधे घाटाचा रस्ता आणि दोन विमानं. त्यातलं एक जरी चुकलं तर... असो. हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

‘नाहीतर सीईटी आहे ना’ म्हणालीस. आहे, राज्याची लॉची प्रवेशपरीक्षा. सरकारी लॉ कॉलेजला, म्हणजे जीएलसीला, तीच लागते, चुकलेल्या उत्तराला गुणही कापत नाहीत. पण पवईचं लॉ विद्यापीठ, एमएनएलयू, क्लॅटवरच घेतं, आणि दोन वर्षं तू पवई पवई करतेयस. क्लॅट वर्षातून एकदा. आमच्याकडे बरं असतं, साहेब उभे राहतात, तारीख मागतात, मिळते. अठरा वर्षं ती डायरी मी लिहितेय. तुझी तारीख कोण वाढवून देणार? १२० मिनिटांत १२० प्रश्न, आणि तू रात्रभर विमानतळावर बाकड्यावर बसलेली. लागले बघ भाषण द्यायला. चुकलं माझं.

पाचवीच्या स्कॉलरशिपचा रविवार आठवतो? मेगाब्लॉक. स्लो गाड्या फास्ट ट्रॅकवर, म्हणजे कांजूरला थांबणारच नाहीत, हे मला प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्यावर कळलं. रिक्षाने भांडुप, तिथून गाडीने मुलुंड. पुढे तू, पॅड डोक्यावर धरून. मागे मी, चपलेचा अंगठा तुटलेला. घंटा होऊन गेली होती, बाईंनी तरी आत घेतलं. दारातून वळून म्हणालीस, ‘आई, रडू नको, पहिला प्रश्न मला येतो.’ पेपर अजून बघितलाही नव्हतास!

७ डिसेंबरही रविवारच आहे.

दहावीत असताना मी घरी आणलेला दावा चाळता चाळता तू प्रतिवादी क्र. ३ चा पत्ता दोन पानांवर वेगळा असल्याचं दाखवलंस. मी तीनदा वाचला होता. साहेब अजून विचारतात, ‘तुमची ज्युनिअर काय म्हणते?’ मी नुसती हसते. घरी येऊन तुला कधी सांगितलं नाही.

एक सुचवू? हॉर्नबिल १० पर्यंत असतं. पेपर देऊन ८ ला पहाटे निघालीस तर दोन दिवस तरी मिळतात. तिकीट बदलायचे पैसे मी देते, बाबांना कळायची गरज नाही. बाकीच्या पुढे गेल्या तर एकटी जाशील, या विचारानेच पोटात गोळा येतो. पण त्या विमानापेक्षा तो परवडला. परत विमान. जाऊ दे.

ठरव तू. क्लॅटचा फॉर्म ३१ पर्यंत भरायचाय, फोटो कपाटात निळ्या पाकिटात आहेत. आणि तिकडे थंडी असते म्हणून सुधामावशीकडून थर्मल आणून ठेवलेत, तुझ्या खणात, स्वेटरखाली. शनिवारीच आणले, भांडणाच्या आधी.

तुझी,
आई