कामाच्या ठिकाणचा खेळ सक्तीचा नसावा

महोदय,

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात मी सव्वीस वर्षे नोकरी केली. जेवणाच्या अर्ध्या तासातली शेवटची दहा मिनिटे आमची कॅरमची असत. रिकाम्या खोक्यावर ठेवलेला बोर्ड, त्यावर भुरभुरलेली बोरिक पावडर आणि भोवती उभे राहून सल्ले देणारे पाच-सहा जण. तिथे पर्यवेक्षक मदतनिसाकडून हरत असे आणि त्याच मोकळेपणामुळे दुपारी यंत्राचा आवाज बदलला तर तो मदतनीस न घाबरता पर्यवेक्षकाला सांगायला जात असे.

माझी मुलगी महापे येथील एका कंपनीत आहे. तिथे दर शुक्रवारी खेळ घेतले जातात, परंतु कामाची वेळ संपल्यावर, आणि हजेरी लावून. लहान मूल पाळणाघरात ठेवून डोंबिवलीपर्यंत जाणाऱ्या बाईला तो तास विरंगुळा कसा वाटेल? खेळ मनापासूनचा असतो; हजेरी आली की तेही कामच होते.

मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियम, 1953 अन्वये स्थापन झालेले आपले कामगार कल्याण मंडळ कबड्डी, भजन आणि नाट्यस्पर्धा भरवत आले आहे. त्यांत हौसेने उतरणाऱ्यांची तालीम मी जवळून पाहिली आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना अशा स्पर्धांसाठी कामाच्या वेळेतूनच सवलत द्यावी आणि शुक्रवारची हजेरी बंद करावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त कामगार, ठाणे