बाहेर पडायचं कसं, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरातलं गॅजेटचं पान मी सगळ्यात आधी वाचतो, अग्रलेख नंतर, राग मानू नका. नवीन अ‍ॅप येऊ दे, वेबसाइट येऊ दे नाहीतर मनगटावर बांधायचं काहीतरी येऊ दे, वापरून बघितल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही आणि त्यावरून घरात बोलणी पण खाऊन झालीयेत. तर तक्रार अशी आहे की तुमचं परीक्षण बॉक्स उघडला की सुरू होतं आणि त्याच आठवड्यात संपतं. स्क्रीन कशी, कॅमेरा कसा, बॅटरी किती तास, साडेतीन स्टार, विषय खल्लास. परीक्षणाचा पीस बऱ्याचदा कंपनीनेच पाठवलेला असतो आणि तो परत करायचा असतो हे मला कळतं, पण ज्याने स्वतःच्या पैशाने घेतलाय त्याच्याकडे तो राहतो ना! वर्षभराने तो कसा चालतो, कंपनीने मधेच हात वर केले तर काय, आणि आपल्यालाच नकोसा झाला तर त्यातून सुटायचं कसं, यावर एक ओळ नसते.

आजकाल अर्ध्या वस्तूंचा जीव आपल्या हातातल्या डब्यात नसतोच, तो कंपनीच्या सर्व्हरवर असतो. रिव्हॉल्व्ह नावाचा एक हब होता, घरातले दिवे, कुलपं वगैरे एका अ‍ॅपवरून चालवणारा. २०१४ मध्ये गूगलच्याच नेस्टने ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला, झालं, हार्डवेअर ठणठणीत असून डबा मुका. इन्स्टिऑन ही घरातले दिवे वगैरे चालवणारी अशीच एक कंपनी, तिचं तर त्याहून वाईट, एप्रिल २०२२ मध्ये लोकांना धड सांगितलं पण नाही आणि सर्व्हर गायब, शेवटी वापरणाऱ्यांच्याच एका गटाने ती विकत घेऊन परत चालू केली. ह्युमेन नावाच्या कंपनीची छातीवर लावायची एआय पिन एप्रिल २०२४ मध्ये बाजारात आली, केवढा गाजावाजा, आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला सेवा बंद, म्हणजे वर्षाचा वाढदिवस पण नशिबात नाही. स्पॉटिफायचं गाडीत गाणी लावायचं यंत्र, कार थिंग, ९ डिसेंबर २०२४ ला कंपनीनेच लांबून बंद केलं. यातल्या एकाचंही मशीन बिघडलं नव्हतं हो.

पण दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे, कारण नीट बंद करणं पण जमतं लोकांना. गूगलने स्टेडिया ही गेमिंग सेवा जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळली तेव्हा त्यांच्या स्टोअरवरून घेतलेल्या गेम्सचे आणि हार्डवेअरचे पैसे परत दिले, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जाता जाता त्या कंट्रोलरचं ब्लूटूथ उघडून देणारं टूल पण काढलं, म्हणजे ज्याने ते वापरलं त्याला सेवा गेली तरी कंट्रोलर दुसऱ्या मशीनला जोडून खेळता येतो. पेबल या स्मार्ट घड्याळाचं पण तसंच काहीसं. २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर एक कोटी डॉलरच्या वर पैसे जमले होते, २०१६ च्या शेवटी फिटबिट या दुसऱ्या बँडवाल्या कंपनीने त्यांचं सॉफ्टवेअर वगैरे विकत घेतलं आणि पेबल संपली, २०१८ च्या जूनमध्ये सेवा बंद झाल्या, पण रेबल म्हणून हौशी लोकांचा ग्रुप उभा राहिला आणि त्यांनी स्वतःचे सर्व्हर चालवून ती घड्याळं जिवंत ठेवली. फिटबिट पुढे गूगलकडे गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलच्या सॉफ्टवेअरचा बराचसा कोड पण खुला केला. आता मला सांगा, खरेदी करताना हा फरक माहीत असणं जास्त कामाचं की मेगापिक्सेल?

म्हणून नवीन काही वापरूच नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, उलट वापरून बघणारे नसतील तर काहीच पुढे जाणार नाही. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं तेव्हा एक जीबी फुकट म्हणजे एप्रिल फूलच असणार असं लोकांना वाटलं होतं, वर आमंत्रण असल्याशिवाय अकाउंट नाही, आणि नावापुढची ‘बीटा’ची, म्हणजे अजून चाचणी चालू असल्याची, पाटी थेट २००९ च्या जुलैमध्ये निघाली. तेच गूगल रीडर बघा, वेगवेगळ्या साइटवरचं नवीन लिखाण एका जागी दाखवणारं, १ जुलै २०१३ ला बंद, लोकांनी किती आरडाओरडा केला, पण ज्यांनी आपल्या साइट्सच्या यादीची (ओपीएमएल) फाइल उतरवून घेतली ते पाच मिनिटांत दुसऱ्या रीडरवर जाऊन बसले. टिकेल का नाही हे पहिल्या दिवशी कोणालाच कळत नाही, पण दार कुठे आहे हे पहिल्या दिवशी नक्की बघता येतं.

मी तेच करतो. झोप मोजणारा नवीन मनगटी बँड घेतला की दोन-चार रात्री घालून झोपायचं आणि लगेच डेटा एक्सपोर्ट करायचा. कंपनीने नुसता रंगीत चार्टचा फोटो हातात ठेवला तर तिथेच मार्क कापले. सीएसव्ही, म्हणजे आकड्यांच्या तक्त्याची साधी फाइल, मिळाली तर उघडून बघायची, बऱ्याचदा त्यातली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असते त्यामुळे आपण भलत्याच वेळेला झोपलो होतो असं दिसतं, ते चालतं, आकडे तर आपले आहेत, वेळ सरकवून घेता येते. फोटोंच्या काही सेवा तर फोटो देतात पण तारखा आणि जागा जेसन नावाच्या वेगळ्या डेटा फाइलीत टाकून देतात, मग हजार फोटोंची जुळवाजुळव करत बसा. फोनवरून चालणारा दिवा घेतला असेल तर घरातलं वायफाय चालू ठेवून बाहेरून येणारं नेट आणि फोनचा डेटा तेवढा बंद. बंद केल्यावर फोनवरच त्या दिव्याचं बटण दाबायचं आणि बघायचं दिवा लागतो का, का अ‍ॅपमध्ये चक्र नुसतं गोल गोल फिरतंय. फिरत असेल तर तो दिवा आपला नाही, कंपनी परवानगी देईल तोपर्यंत वापरायला दिलाय एवढंच. घरातल्या घरात, नेटशिवाय चालणारी वस्तू शोधली तर मिळते, २०२२ मध्ये आलेलं मॅटर नावाचं स्टँडर्ड थोडंफार त्यासाठीच आहे, पण परीक्षणात कोणी लिहील तर ना.

वेबसाइटचं वेगळंच दुखणं. आत जायला एक क्लिक, बाहेर पडायला दहा पानं, आणि प्रत्येक पानावर ‘नक्की जायचंय का?’ अ‍ॅमेझॉनने प्राइम रद्द करायच्या रस्त्याला कंपनीत आतल्या आत चक्क एका लांबलचक ग्रीक महाकाव्याचं नाव दिलं होतं, हे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ मध्ये केस टाकली त्यात होतं, आणि २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली. बरं ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ म्हणजे डिलीट नाही, ते नुसतं झाकण लावणं, आत सगळं तसंच. अ‍ॅपलने जून २०२२ पासून नियम केला की अ‍ॅपमध्ये अकाउंट उघडता येत असेल तर तिथूनच डिलीट पण करता आलं पाहिजे, गूगल प्लेवर पण नंतर तसंच झालं, त्यामुळे बटण असतं हो, फक्त सेटिंगच्या कुठल्यातरी कोपऱ्यात फिकट अक्षरात. ते बटण सापडेपर्यंत मी खरी माहिती टाकतच नाही. जीमेलच्या पत्त्यात @ च्या आधी, आपल्या नावामागून अधिकचं चिन्ह टाकून त्या साइटचं नाव जोडतो, मेल आपल्याच इनबॉक्समध्ये येते, आणि उद्या त्या पत्त्यावर कोणा तिसऱ्याच्याच जाहिराती यायला लागल्या की पत्ता कोणी वाटला ते कळतं. काही साइट ते चिन्ह घेतच नाहीत, का ते त्यांनाच ठाऊक. फ्री ट्रायलला कार्ड मागितलं तर रद्द करायची तारीख आधी कॅलेंडरमध्ये, नंतर कार्ड नंबर.

तर विनंती एवढीच की प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी छोटी चौकट टाका, नेट नसताना वस्तू काय काय करते, डेटा कुठल्या फाइलीत मिळतो, अकाउंट कायमचं डिलीट करायला किती पानं लागली आणि सॉफ्टवेअर अपडेट किती वर्षं देणार हे कंपनीने लेखी सांगितलंय का. तुमच्या परीक्षकांना यात फार वेळ जाणार नाही, अकाउंट तर त्यांनी उघडलेलंच असतं, ते बंद करताना मोजलं की झालं. आणि महिन्यातून एकदा मागच्या वर्षी ज्याला चार-साडेचार स्टार दिले होते त्यातलं एखादं परत काढून बघा आणि आज काय हाल आहेत ते छापा, वाचक तुटून पडतील. जागेची अडचण असेल तर ते स्टार काढून टाका, माझं तरी काही अडणार नाही.

कळावे,
तुमचा एक नेहमीचा वाचक