आज तुम्ही जाधव!

महोदय,

कालच्या अंकात गांजाला परवाना द्या आणि कर वसूल करा, असे सुचवणारा लेख वाचला. लेखकमहाशय अभ्यासू दिसतात. कोलोरॅडोत २०१४ पासून दुकाने उघडली, त्या करातला पैसा शाळांच्या इमारतींना जातो, कॅनडाने २०१८ मध्ये देशभर मोकळीक दिली, सगळे मुखोद्गत. थायलंडने २०२२ मध्ये उघडलेले दार २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालून पुन्हा ओढून घेतले, हे लिहायला मात्र जागा उरली नसावी. असो. मी ठाण्यात राहतो.

लेखक म्हणतात, परवाना आला की नोंद होते, वय तपासले जाते. मी परवाना जवळून पाहिला आहे. २००९ च्या डिसेंबरात आमच्या सासूबाईंची छाती भरली होती. 'ब्रँडी चोळा' हा त्यांचा हुकूम. आयुष्यात पहिल्यांदा वाइन शॉपची पायरी चढलो. शिक्षक माणूस, कुणी विद्यार्थी दिसेल म्हणून मफलर नाकापर्यंत ओढलेला. दारूबंदीचा कायदा १९४९ चा, त्यानुसार परमिट लागते, एका दिवसाचे विदेशी दारूचे परमिट पाच रुपये, एवढे मला ठाऊक होते. सुटे पाच रुपये पुढे करून ते मागितले. मागची रांग खो खो हसली. गल्ल्यावरच्या माणसाने आधी मी दारूबंदी खात्याचा तर नाही ना, हे न्याहाळले. मग गल्ल्याखालून पुस्तक काढले. परमिटे आधीच भरलेली! पाटील, जाधव, पाटील, जाधव, एकाच निळ्या पेनाने, एकाच हस्ताक्षरात. एक फाडून माझ्या हातात ठेवत म्हणाला, "काका, आज तुम्ही जाधव."

गांजाच्या दुकानात वेगळे पुस्तक असेल, असे लेखकाला का वाटते? बिअरला २१ वर्षे आणि कडक दारूला २५ वर्षे पूर्ण लागतात म्हणे. त्याच दुकानातून गेल्या महिन्यात आमच्या शाळेचा परवाच दहावी झालेला मुलगा बाहेर पडताना दिसला. संस्कार चांगले, बाटलीची पिशवी डाव्या हातात घेऊन त्याने उजव्याने मला नमस्कार केला.

बंदीचे तरी काय कौतुक सांगावे? गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला हे अजून कुणी कळवलेले दिसत नाही. खिशात चिमूटभर सापडले म्हणून एखाद्या पोराला आत टाकून त्याचे वाटोळे करू नये, इथपर्यंत मी लेखकाबरोबर आहे. पण ज्या पुड्यांची आज आईबापांना धास्ती आहे त्या एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेच्या. ते २०१५ मध्ये एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आले. त्यावर किती टक्के कर, हेही सांगून टाकावे. आणि ही कल्पना फार नवी आहे असेही समजू नये. १८९३ मध्ये गोऱ्या साहेबाने आयोग नेमून गांजा-भांगेवर सरसकट बंदी नको, परवाना आणि कर ठेवा, असाच निष्कर्ष काढून घेतला होता. साहेबालाही तिजोरी होतीच.

दुकानावरून आठवले. त्या दुकानाबाहेर संध्याकाळी सातनंतरची रांग थेट बसथांब्याच्या छपराखाली येते. चालकाला वाटते सगळी मंडळी बाटलीचीच, त्यामुळे बस थांबतच नाही. परवा आमच्या सौ. भाजीची पिशवी घेऊन चाळीस मिनिटे तिथे उभ्या होत्या. शेवटी एक गृहस्थ त्यांना अदबीने म्हणाले, "मावशी, तुमचा नंबर माझ्यामागे."

थांबा पन्नास पावले पुढे न्यावा, असा अर्ज मी तीनदा दिला आहे. तिन्ही पोचपावत्या जाधवांच्या परमिटाशेजारी एकाच फायलीत लावल्या आहेत. आपल्या लेखकांना पुढच्या लेखासाठी हव्या असल्यास छायाप्रती पाठवीन, टपालखर्च माझा.

– एक सेवानिवृत्त शिक्षक, वर्तकनगर, ठाणे (प.)