बलिदानचा बॅज ६० रुपयाला मिळतो, रस्ता कुठं मिळतो साहेब? संरक्षणमंत्र्यांना सोलापुरातून एक खुलं पत्र

मा. संरक्षणमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरचा. युनिफॉर्म शिवायचा धंदा आहे, आठ मशिनी, अक्कलकोट रोडला एक पत्र्याचं शेड, बास एवढंच. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि शेंगाचटणी आठवते पण आता लांबलांबच्या शाळांचे युनिफॉर्म पण इथूनच जातात, त्यामुळं कुठला बिल्ला कुठल्या खांद्यावर, कुठली पट्टी कुठल्या बाहीवर हे माझं रोजचंच काम. हे पत्र पण एका ऑर्डरमुळंच लिहितोय.

मे महिन्यात, बाहेर ४३ डिग्री, शेडमध्ये त्याहून जास्त, एक जण आला. भरतीची अकॅडमी चालवतो म्हणाला. १२० टी-शर्ट पाहिजेत, मिलिटरीवालं कापड, पाठीवर 'फ्युचर पॅरा कमांडो' आणि छातीवर सैन्याच्या कमांडोंचा तो बलिदानचा बॅज. मी म्हटलं साहेब टी-शर्ट देतो, पाठीवर काय पाहिजे ते लिहून देतो, पण सैन्याचं ते नवीन डिजिटल छापाचं कापड मी वापरणार नाही, ते डिझाइन सैन्यानं स्वतःच्या नावावर रजिस्टर करून घेतलंय, आणि बलिदान बॅज तर नाहीच. तर तो हसला. "अहो अण्णा, बाजारात ६० रुपयाला मिळतोय की, तुम्ही कुठं कायदा काढून बसलाय." खरंय त्याचं. ६० रुपयालाच मिळतो, दोन घेतले तर १०० ला.

२०१९ च्या वर्ल्डकपला धोनीच्या ग्लोव्हजवर तो बॅज दिसला, आयसीसीनं काढायला लावला, टीव्हीवर दोन दिवस तोच विषय, आणि त्यानंतर आमच्याकडं हा बॅज बुलेटच्या टाकीवर, टमटमच्या काचेवर, मोबाइलच्या कव्हरवर, सगळीकडं. उलटा खंजीर, दोन्हीकडं पंख, खाली देवनागरीत बलिदान. सैन्यातसुद्धा तो फक्त पॅरा एसएफवाल्यांनाच, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेसवाल्यांनाच लावता येतो, त्या रेजिमेंटची मरून रंगाची टोपी घालणाऱ्या प्रत्येकाला पण नाही. आणि इथं एक गडी तो लावून पान खात उभा असतो. असो. माझी तक्रार त्या पानवाल्या गड्याबद्दल नाहीये.

माझा भाचा मोहोळ तालुक्यातला, १८ पूर्ण, सध्या माझ्याकडंच राहतो. पहाटे पाचला उठून पळायला जातो. १६०० मीटर ५ मिनिट ४० सेकंदात येतात त्याचे, ५.३० च्या आत आणायचेत म्हणजे पैकीच्या पैकी ६० मार्क. ते दहा सेकंद कमी करण्यासाठी चार महिने झाले पोरगं भाकरी मोजून खातंय, माझी बहीण फोनवर रडते. आणि त्यानं मला न सांगता एका अकॅडमीला पैसे भरले, नाव घेत नाही कुणाचं, कारण ही एकट्या एका अकॅडमीची गोष्टच नाही. तिथं त्याला सांगितलं की आमच्या बॅचमधून थेट एसएफ. मी विचारलं थेट म्हणजे कसं रे? म्हणाला अग्निवीर व्हायचं, मग एसएफ. मधी काय? तर म्हणे "मधी काही नाही मामा, मग होतंच की."

मधी काय आहे ते मी दुकानात येणाऱ्या एका रिटायर सुभेदारांना विचारलं, मग स्वतः वाचत बसलो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. आणि साहेब, मला आधी वाटायचं की कमांडो म्हणजे कमांडो, एकच काहीतरी असेल. तर तसं नाहीच. लष्कराचे पॅरा एसएफ वेगळे, नेव्हीचे मार्कोस वेगळे, एअरफोर्सचे गरुड वेगळे. एनएसजीचे ब्लॅक कॅट तर तुमच्या खात्यात पण नाहीत, ते गृहखात्याकडं, आणि त्यातली अतिरेक्यांना भिडणारी जी तुकडी आहे तिच्यात जवान मात्र तुमच्या लष्करातूनच डेप्युटेशनवर जातात. १९६२ ला चीनच्या लढाईच्या वेळी तिबेटी लोकांची उभी केलेली स्पेशल फ्रंटिअर फोर्स तर कॅबिनेट सचिवालयाखाली. अकॅडमीच्या फ्लेक्सवर मात्र हे सगळे एकाच फोटोत, मागं हेलिकॉप्टर, पुढं संचालक हात बांधून उभे.

प्रत्येकाची वाट वेगळी, ती जरा लिहितो, कारण हे पत्र आमच्याकडची पोरं पण वाचतील. पॅरा एसएफला स्वतःहून पुढं यावं लागतं, कुणी ऑर्डर काढून पाठवत नाही. सैन्यातल्या दुसऱ्या पलटणीतून जाता येतं नाहीतर पॅराशूट रेजिमेंटच्या सेंटरमधून. मग साधारण तीन महिन्यांचं प्रोबेशन. त्यात झोप नाही, पाठीवर वजन, लांब लांब चाल, आणि कधीही कुणीही म्हणू शकतं की बाळा तू जा परत तुझ्या युनिटला. बरेचसे परत जातातच. त्यात लाज काही नाही, सुभेदार म्हणाले की परत आलेला पोरगा पण आपल्या पलटणीत सगळ्यात तयार असतो. जो टिकला त्याचं खरं शिक्षण मग सुरू होतं, आग्र्याला पॅराशूटच्या उड्या, डोंगर, जंगल, बर्फ, काहींना पाण्याखालचं.

मार्कोसला आधी नेव्हीत जायचं. १९८७ ला उभी राहिलेली फोर्स आहे. सुरुवातीच्या तीन दिवसांच्या चाचणीतच बरीच पोरं गळतात म्हणे, आणि पुढं डायव्हिंगसाठी कोचीला, उडीसाठी आग्र्याला असं करत करत पूर्ण तयार व्हायला दोन-अडीच वर्षं. सोलापूरच्या पोराला पोहायला कुठं मिळतं हा एक वेगळाच विषय आहे, आमच्याकडं नळाला पाणी किती दिवसाआड येतं ते मी इथं लिहीत नाही. गरुड २००४ पासून. २००१ ला काश्मीरात हवाई तळावर हल्ला झाला त्यातून धडा घेऊन काढलेली फोर्स. त्यांचं पहिलंच ट्रेनिंग ७२ आठवड्यांचं. याच गरुडमधले कॉर्पोरल ज्योती प्रकाश निराला नोव्हेंबर २०१७ ला काश्मीरात बांदीपोऱ्यात शहीद झाले आणि त्यांना अशोकचक्र मिळालं.

आता इथंच माझं घोडं अडलंय. तुमच्या अग्निपथ योजनेत अग्निवीराला चार वर्षं, आणि त्यानंतर १०० पैकी जास्तीत जास्त २५ जणांना ठेवणार. ठीक आहे, धोरण आहे, त्याच्यावर टीव्हीवर बरंच भांडून झालं, मला त्यात पडायचं नाही. पण मी शिवणकाम करणारा माणूस, मला मापं कळतात. चार वर्षातून सुरुवातीचं ट्रेनिंग वजा करा सहा-सात महिने. मग युनिटमध्ये जरा रुळायला वेळ. मग व्हॉलंटियर, मग प्रोबेशन, मग पुढचे कोर्स. गरुडचे ७२ आठवडे म्हणजेच जवळजवळ दीड वर्ष. मार्कोसचे दोन-अडीच. कापड चार मीटर आणि पॅटर्न साडेतीन मीटरचा, उरलेल्या अर्ध्या मीटरात शर्ट कुठं शिवायचा? म्हणजे पोरगं तयार झालं की सहा महिन्यात नाहीतर वर्ष-दीड वर्षात तुमच्यापुढं प्रश्न उभा, ठेवायचं का सोडायचं. ज्याच्यावर एवढा खर्च केला, ज्याला पाण्याखालून जाऊन जहाजावर चढायला शिकवलं, त्याला ११ लाख ७१ हजाराची सेवानिधी देऊन तुम्ही मोहोळला परत पाठवणार का? आणि तो मोहोळला येऊन काय करणार, एटीएमच्या बाहेर खुर्ची टाकून बसणार?

की जे एसएफमध्ये टिकले त्यांना सगळ्यांना ठेवणार? तसं असेल तर छानच, पण मग ते मोठ्यानं सांगा, मराठीत सांगा, लिहून द्या. पहिल्या बॅचची चार वर्षं भरत आलीत. भाच्याला मी काय सांगू ते मला तुमच्याकडून पाहिजे, अकॅडमीवाल्याकडून नको.

दुसरं म्हणजे या पोरांच्या डोक्यात जे चित्र बसलंय ना ते. सप्टेंबर २०१६ चा सर्जिकल स्ट्राइक सगळ्यांना तोंडपाठ. मार्च २०२४ ला अरबी समुद्राच्या पलीकडं रुएन नावाचं जहाज सोडवलं तेव्हा विमानातून मार्कोस समुद्रात उतरवले, चाळीसेक तास चाललेलं ते सगळं, ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप, त्याची रील भाच्यानं मला दहावेळा दाखवली. आणि खरंच अंगावर काटा येतो, मी नाही म्हणत नाही. पण ऑक्टोबर १९८७ ची श्रीलंकेतल्या जाफना युनिव्हर्सिटीची रात्र कुणी सांगतं का? रात्री हेलिकॉप्टरनं १० पॅराचे कमांडो आणि १३ सिख लाइट इन्फंट्रीची एक तुकडी उतरवली, खाली लिट्टे आधीच तयारीत बसलेलं, वरून एवढा गोळीबार की पुढची हेलिकॉप्टरं उतरूच शकली नाहीत. सिख लाइट इन्फंट्रीचे ३० उतरले होते, २९ गेले, एक पकडला गेला. पोरं शूरच होती हो. माहिती चुकली होती, अंदाज चुकला होता. हे त्या टी-शर्टवर कोण छापणार?

२६/११ ला पण तेच. ताजमध्ये कमांडोंपैकी पहिले मार्कोस पोचले कारण ते मुंबईतच होते, एनएसजीला दिल्लीजवळच्या मानेसरहून यायचं, विमान दुसरीकडून आणायचं, सकाळ झाली. त्यानंतर २००९ मध्ये एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं. म्हणजे पोरांच्या मनगटात कमी नव्हती, कमी होती ती व्यवस्थेत. तिन्ही दलांचे एसएफ एकत्र आणायचं तर २०१२ ला नरेशचंद्र समितीनं सांगितलं होतं, त्यांनी मोठी कमांड मागितली, २०१९ ला आग्र्याला त्याहून लहान डिव्हिजन मिळाली. आता २०२५ च्या जुलैत लष्करप्रमुखांनी द्रासला भैरव बटालियनची घोषणा केली, म्हणजे साध्या पायदळाच्या आणि एसएफच्या मधली एक फळी, म्हणजे प्रत्येक छोट्या कामाला पॅरा एसएफ वापरायची गरज पडू नये. हे मला पटलं. जरीची सुई गोधडीला वापरू नये, मोडते. पण भैरवची बातमी आली आणि आठवड्यात आमच्याकडं भैरव बॅचचा फ्लेक्स लागला, ॲडमिशन चालू, जागा मर्यादित. मला सांगा त्या अकॅडमीवाल्याला कुणी विचारलं का की बाबा भैरवची भरती तुझ्याकडं कधीपासून?

साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक, सैनिक स्कूलचा विद्यार्थी, २१ पॅरा एसएफचा अधिकारी. ती पलटण मुळात मराठा लाइट इन्फंट्रीचीच, १९९६ ला एसएफ झाली, २ पॅरा पण मुळात मराठाच. नोव्हेंबर २०१५ ला कर्नल महाडिक काश्मीरात कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन वर्षांनी स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. भाच्याला हे माहीत नव्हतं. त्याला तो बॅज माहीत होता, पण बॅज लावणारा माणूस आपल्याच बाजूचा होता हे माहीत नव्हतं. त्या दिवशी जेवताना सांगितलं तर गप्प बसला, दुसरी भाकरी मागून घेतली.

तर साहेब माझं मागणं लई मोठं नाहीये. पैसा नको, सबसिडी नको, आमच्या उद्योगाचं वेगळं पत्र वेगळ्या मंत्र्यांना लिहीन. मला एक कागद पाहिजे. एकच पान, मराठीत, खाली तुमच्या खात्याचा शिक्का. त्यात एवढंच, की पॅरा एसएफ, मार्कोस आणि गरुड यांच्यात साध्या जवानाला कुठून जाता येतं, कधी अर्ज करता येतो, वय किती, किती दिवसाचं प्रोबेशन, नापास झाला तर कुठं परत जातो, आणि अग्निवीर असेल तर चार वर्षानंतर त्याचं काय. त्यात गुपित काहीच नाही, कुठल्या पलटणीत किती माणसं आणि कुठली बंदूक हे आम्हाला नकोच आहे, ते गुपितच ठेवा. हा कागद प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लावा, तालुक्याच्या कॉलेजात लावा, भरतीच्या मैदानाबाहेर जिथं केळी आणि ग्लुकोज विकतात तिथं लावा. आणि त्यात एक ओळ अशी टाका की कुठलीही खाजगी अकॅडमी एसएफमध्ये थेट घेऊन जाऊ शकत नाही. ही ओळ ठळक.

बॅजच्या विक्रीचं पण बघा जमलं तर. सैनिक असल्याचं भासवायला गणवेश घालणं गुन्हा आहे हे मला माहितीय, पण शोभेला म्हणून बॅज विकणाऱ्याला कोण विचारतं. आमच्यासारखे शिवणारे नाही म्हणतात आणि ऑर्डर शेजारच्या शेडला जाते, एवढाच फरक पडतो.

भाच्याची ऑनलाइन परीक्षा पुढं आहे, ग्राउंड त्यानंतर. काल त्याचे १६०० मीटर ५.३४ आले. आणखी चार सेकंद. त्याच्या आत तुमचा कागद आला तर बरं होईल.

आपला,
सोलापूरचा एक युनिफॉर्मवाला

ता. क. : ती १२० टी-शर्टची ऑर्डर मी शेवटी घेतली, पण साध्या ऑलिव्ह कापडात आणि बॅज न लावता. पाठीवर नुसतं 'सोलापूर' छापलंय. अकॅडमीवाला नाराज होता, पोरांनी मात्र आनंदानं घातले, माझ्या भाच्यासकट.