चष्मेवाले काकाजी, आता तरी आभार मानू द्या

तीर्थस्वरूप काकाजींना साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही 'चहा घे' म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

लाकडी चष्म्याच्या फ्रेमा करायला घेतल्या तेव्हा लाकडाची काळजी नव्हती. घरात पिढीजात वाढईकाम. अख्ख्या सागाच्या फळीतून फ्रेम कापली तर ती नाकाजवळ रेष धरून तुटते, म्हणून विनियरचे, म्हणजे कागदासारख्या पातळ लाकडाचे, थर आडवे-उभे चिकटवून चारेक मिलिमीटर जाडी करायची, एवढं कळत होतं. काचेचं मात्र ओ की ठो कळत नव्हतं. शहरातल्या एका दुकानात तर फ्रेम हातातही न घेता विचारलं, "काच फुटली तर कोण भरून देणार?" त्यांचंही चूक नाही म्हणा. प्लास्टिकची फ्रेम गरम केली की नरम पडते, काच दाबली की बसते. लाकूड असं ऐकत नाही. काच केसभर मोठी राहिली तर फ्रेम चिरते, लहान राहिली तर खुळखुळते.

मग तुमच्या दुकानात आलो. तुम्ही शटर अर्धं ओढलंत आणि मला मशीनजवळ बसवलंत. "आधी नाक पाह्य बाबू, मंग लाकूड." पट्टी धरून डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायला लावलंत. उणे नंबरची काच कडेला जाड असते, फ्रेम जितकी मोठी तितकी ती कड बाहेर डोकावते. म्हणून जास्त नंबरवाल्याला लहान, गोलसर फ्रेम द्यायची आणि बाहुली काचेच्या मध्याशी येईल असं बघायचं. मोठ्या ऐटबाज फ्रेमा विकायचा माझा मोह तिथेच सुटला. मग काचेच्या कडेला मशीनवर धार काढून दाखवलीत आणि तिच्या मापाची खाच फ्रेमच्या आतून माझ्याकडून कोरून घेतलीत. थोडं घास, लावून बघ, परत घास.

मावशीचा उजवा कान जरा वर आहे, हे आम्हा घरच्यांना जन्मात दिसलं नव्हतं. तुम्ही तिला चष्मा चढवला आणि लगेच म्हणालात, डावीकडे उतरतोय. कानावरची लाकडाची काडी गरम करून वाकवायची सोय नाही, तेव्हा बिजागरीखालची बैठक कानशीनं तिरपी करायला सांगितलीत. कानशीचे दोन-चार हात मारले आणि चष्मा सरळ झाला. मापाची फ्रेम म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या घामाला लाकूड टिकावं म्हणून वरून जवसाच्या तेलाचे हात देतो. ते डोकं मात्र आजीचं, त्याचे आभार तुम्हाला नाहीत!

दिवाळीनंतर उणे ६ नंबरवाल्या एका पोराची फ्रेम घेऊन येतोय. काच तुम्हीच बसवायची, आणि या वेळी मजुरी घ्यायची. नाही घेतलीत तर काकूंच्या हातात देऊन जाईन.

तुमचा,
बाबू