आंबोली चढेल, पण उतरताना काय?

कॅल्गरी, अल्बर्टा
14 जुलै

चि. बाळूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि ट्रेलरचे फोटो मिळाले. चवथ आटोपली की म्हापशाचा तो राहण्याच्या सोयीचा ट्रेलर घ्यायचा, डिचोलीत सगळी तयारी करायची आणि दिवाळीत बांद्याहून आईबाबांना घेऊन आंबोलीमार्गे कोल्हापूर गाठायचं, हा बेत मला आवडला. बाबांनी विचारलंय, आपली पिकअप एवढं धूड ओढेल का? ओढेल. डिझेल इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांतच मिळतो, त्यामुळे ओढताना फारसं काही जाणवतच नाही, आणि माणूस तिथेच फसतो. बाबांना सांग, विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे धूड थांबेल कसं आणि घाट उतरेल कसं?

हिशेब करून बघ. माणसं-सामानासह पिकअप 2600 किलो आणि भरलेला ट्रेलर 1500 किलो धर, म्हणजे 4100 किलो. आंबोली साधारण 690 मीटरवर आहे. परत येताना तू किमान 550 मीटर तरी खाली उतरणार. तेवढ्या उतरणीत जी ऊर्जा सुटते तिच्यात सुमारे 75 लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीपर्यंत जाईल. ती उष्णता इंजिनाने अडवली नाही तर सगळी ब्रेकच्या लायनरमध्ये आणि डिस्कमध्ये जाते. डॉट-4 ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग तीच मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. आपल्याकडच्या दमट हवेत हे लवकर होतं. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचंच, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. तुझं कधी बदललं ते पत्रात नाही. ट्रेलर घेण्याआधी ते काम कर.

उतरणीला लागायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा, अर्ध्या वाटेत नाही. दुसऱ्यात धर, वळणांवर गरज वाटली तर पहिल्यात. ब्रेकवर पाय नुसता ठेवून उतरू नको. वेग वाढला की एकदा घट्ट दाबून ताशी दहा किलोमीटर कमी कर आणि पूर्ण सोड, म्हणजे मधल्या वेळात ब्रेक थंड होतात. करपट वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर रुंद जागा बघून थांब, अर्धा तास जाऊ दे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तडकतो. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचं नाही, आई आत आडवी होते म्हणाली तरी नाही.

आता ट्रेलरच्या स्वतःच्या ब्रेकबद्दल. फोटोंत ते कुठल्या जातीचे आहेत हे कळत नाही, म्हणून विकणाऱ्याला हे पहिल्यांदा विचार. युरोपात 750 किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. ब्रेकच नसतील तर 1500 किलोंचा ट्रेलर घेऊच नको, किंमत कितीही पाडून मिळाली तरी.

दोन जाती असतात. एक ओव्हररन: पिकअप मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो, कप्लरचा, म्हणजे ट्रेलरच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या जोडाचा, दांडा आत दाबला जातो आणि तो ट्रेलरचे ब्रेक लावतो. यंत्रणा साधी आहे, वायरिंग नाही. पण घाटात पिकअप इंजिनाच्या जोरावर धरली की ट्रेलर सारखा मागून रेटतो आणि त्याचे ब्रेक सगळी उतरण घासत राहतात. अशा ट्रेलरला मधे एक-दोनदा थांबून विश्रांती द्यावीच लागते. दुसरी जात इलेक्ट्रिक, इथे बहुतेक सगळे तेच वापरतात. ड्रमच्या आत चुंबक असतो आणि पिकअपमधल्या कंट्रोलरने वीज सोडली की तो ड्रमला चिकटून ब्रेकचे शू ड्रमवर दाबतो. एक चुंबक 12 व्होल्टला साधारण 3 अँपिअर घेतो, म्हणजे तुझ्या एका ॲक्सलला 6 अँपिअर. बारीक वायर टाकली की मागे पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं आणि ब्रेक निम्म्याने लागतो. तांब्याची किमान 4 चौरस मिलिमीटरची वायर घाल. अर्थची वायरही वेगळी ओढ, हिचच्या (पिकअपमागच्या ओढायच्या जोडाच्या) बॉलमधून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नको. खाऱ्या हवेत तिथे गंज धरला की ब्रेक आणि दिवे दोन्ही लंगडे पडतात, आणि मेकॅनिक दिवसभर बल्ब बदलत बसतो.

कंट्रोलर लावल्यावर कोरड्या, सपाट, रिकाम्या रस्त्यावर ताशी 30-40 च्या वेगात नुसता ट्रेलरचा ब्रेक हाताने लाव. जोर हळूहळू वाढवत ने, चाकं जाम होऊन घासली जाण्याच्या जरा आधीच थांब. भार बदलला की हे परत करायचं: रिकाम्या ट्रेलरचा जोर भरलेल्याला पुरत नाही आणि भरलेल्याचा रिकाम्याला लावला तर चाकं घसरतात.

भार कुठे ठेवायचा हा भाग मन लावून वाच, कारण रस्त्यावर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याने हिचवर किती वजन टाकावं याचं इथलं माप एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के. 1500 किलोंना 150 ते 225. युरोपी ट्रेलर 7 टक्क्यांच्या आसपासच ठेवतात, कारण त्यांचे कप्लर तेवढ्यासाठीच बांधलेले असतात आणि वेगही कमी असतो. तुझ्या कप्लरवर आणि पिकअपच्या हिचवर उभ्या भाराचा आकडा कोरलेला असतो. दोन्हींत जो कमी तो तुझा. हिचवर आकडाच नसेल, म्हणजे कोणी वर्कशॉपमध्ये लोखंडी चॅनल वेल्ड करून दिलेली असेल, तर ती काढून टाक. वेल्डिंग बाहेरून कितीही छान दिसलं तरी त्याच्या आत काय आहे ते कळत नाही.

मोजायचं असं. ट्रेलर सपाट जागी, चाकांना ठोकळे. घरातला वजनकाटा तीनशे-चारशे किलोंचा नसतो, म्हणून एक जाड फळी घे. फळीचं एक टोक काट्यावर, दुसरं तेवढ्याच उंचीच्या विटेवर. ट्रेलरचा दांडा फळीवर असा टेकव की विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट पडेल. काट्यावर येईल त्याची तिप्पट म्हणजे दांड्याचं वजन. काट्याने 60 दाखवले तर 180 किलो. एकूण वजनासाठी मात्र डिचोलीच्या आसपासच्या मोठ्या वजनकाट्यावर जा: एकदा नुसती पिकअप, एकदा जोडून, आणि जोडलेली असताना पुढची चाकं वेगळी. मागे भार पडून पुढची चाकं हलकी झाली तर स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही कमजोर होतात.

सामानाचा साधारण 60 टक्के भार ॲक्सलच्या पुढे ठेव, जड वस्तू खाली आणि ॲक्सलजवळ. पाण्याची टाकी मागे असेल तर ती भरून निघू नको. 80 लिटर म्हणजे 80 किलो शेपटीला, आणि बाकीचं सगळं नीट असूनही ट्रेलर डोलेल.

डोलायलाच लागला तर? झुवारी पुलावर आडवा वारा लागतो, किंवा कदंबची बस जवळून निघून जाते, तेव्हा हे होतं. ॲक्सिलरेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर, डोलण्याच्या उलट फिरवायला जाऊ नको, पिकअपचा ब्रेक जोरात दाबू नको. इलेक्ट्रिक ब्रेक असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लाव, तो मागून ओढून सरळ करतो. वेग वाढवून सरळ होईल असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नको. ताशी 80 च्या वर जायचंच नाही.

कप्लर आणि बॉल यांचं माप जुळवून घे. युरोपी बॉल 50 मिलिमीटर, अमेरिकी 2 इंच म्हणजे 50.8. 50 च्या बॉलवर 2 इंची कप्लर बसतो, चालतोही, पण सैल राहतो आणि घाटातल्या खड्ड्यात उडू शकतो. कप्लर बसवून खिट्टी लावली की दांड्याचा जॅक फिरवून पिकअपची मागची बाजू थोडी उचलून बघ. उचलली गेली म्हणजे पक्का बसला. सुरक्षेच्या दोन साखळ्या कप्लरखाली एकमेकींना छेद देऊन अडकव, म्हणजे सुटलाच तर दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडेल. ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार मात्र साखळीला किंवा बॉलला बांधायची नाही, पिकअपच्या चासीला बांध. हिचच निखळली तर तिच्याबरोबर तारही जाईल, मग ती ओढणार काय?

टायर. त्यांच्या बाजूवर चार आकडे असतात: 2321 म्हणजे 2021 चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुने टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदल. उभ्या ट्रेलरचे टायर उन्हाने तडकतात, झिजत नाहीत. दांड्याचे 180 वजा करून 1320 किलो दोन चाकांवर, म्हणजे एकावर 660. भारांक 95 चा टायर 690 किलो पेलतो, हे फार काठावर झालं. 99 चा घे, 775 चा. हवा थंड टायरमध्ये भर. चाकाचे नट टॉर्क पान्याने आवळ आणि पहिल्या 15, 40 आणि 80 किलोमीटरना पुन्हा तपास, कारण नवं बसवलेलं चाक थोडं बसतंच.

बेअरिंग वर्षातून एकदा उघडायचे, आणि ट्रेलर मोरजीला वाळूत, खाऱ्या वाऱ्यात उभा राहणार असेल तर पावसाळ्यानंतर दर वेळी. रॉकेलने धुऊन पूर्ण सुकव, निळसर किंवा खडबडीत दिसला तर बेअरिंग आणि त्याची बाहेरची कडी दोन्ही एकत्र बदल. ग्रीस रुंद बाजूने तळव्याने दाबत जा, पलीकडून बाहेर येईपर्यंत. सील नवं. हब हाताने फिरवत नट आवळ, मग पूर्ण सैल कर आणि नुसत्या बोटांनी परत बसव. स्प्लिट पिन नवी. लोक इथेच पाना लावून आवळतात आणि शंभर किलोमीटरवर बेअरिंग जळतो. निघाल्यावर वीसेक किलोमीटरनी थांबून दोन्ही हबना हाताची पाठ लाव. कोमट ठीक. एक दुसऱ्यापेक्षा फार गरम असेल तर बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक धरून राहिलाय.

पिकअपचं थोडक्यात. तुझी 2021 ची, म्हणजे बीएस-6. डिचोलीहून साखळी, साखळीहून म्हापसा अशा छोट्या फेऱ्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, जळून साफ होत नाही, आणि अर्धवट राहिलेल्या सफाईचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नको, ते पातळ झालंय, बदल. ऑइल कमी राखेचंच, पुस्तकात लिहिलेलं. साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साठते आणि ती जळून जात नाही. सफाई चालू असताना वाळलेल्या गवतावर, काजूच्या बागेत वगैरे, गाडी उभी करू नको.

डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा नट पावसाळ्यात दर पंधरवड्याला सैल करून पाणी काचेच्या भांड्यात काढ. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आलंय. उभ्या गाडीची टाकी भरलेली ठेव. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री पाणी सोडते आणि इंजेक्टर महाग आहेत. खाणीच्या रस्त्यांची तांबडी धूळ इंटरकूलर आणि रेडिएटरच्या पात्यांत बसून विटेसारखी घट्ट होते. इंजिनाच्या बाजूने बाहेर, साध्या नळाच्या पाण्याने धू, प्रेशर गनने पाती वाकतात. एअर फिल्टर कॉम्प्रेसरने फुंकून परत लावायचा नाही, नवा घाल. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी नको. आणि घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नको, दोन-तीन मिनिटं नुसतं चालू दे, नाहीतर टर्बोचं ऑइल जिथल्या तिथे करपतं.

गॅसचा सिलिंडर वाटेत बंद. ट्रेलर सोडताना आधी चाकांना ठोकळे, मग कप्लर. चिऱ्याचे तुकडे नकोत, फुटतात.

विकणाऱ्याला पैसे देण्याआधी मला चार फोटो पाठव: कप्लरवर कोरलेला आकडा, पिकअपच्या हिचची पाटी, टायरचे चार आकडे, आणि चाक काढून आतला ब्रेक. तो चाक काढू देत नसेल तर पैसे देऊ नको, निघून ये.

ती. बाबांना आणि आईला माझा सा. न. हे पत्र बांद्याला त्यांना वाचून दाखव, विशेषतः उतरणीचा भाग. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दादा